चित्रफितींच्या शाळेंत पोर्तुगीज

गोमंतकांतून येऊन मुंबई-पुण्यास स्थायिक झालेल्या कित्येक घरांत माळ्यावर एकादी पत्र्याची पेटी असते. तींत जमिनीचे जुने दस्तऐवज, पणजोबांचें शाळेचें प्रमाणपत्र, आफ्रिकेंत नोकरीस गेलेल्या कोणा चुलत्याचीं पत्रें, असा ऐवज फडक्यांत बांधून ठेवलेला आढळतो. दर दिवाळीस पेटी पुसली जाते, उघडली जाते आणि पुनः मिटली जाते. कारण आंतील मजकूर पोर्तुगीज भाषेंतील असतो आणि तें अक्षर घरांत कोणास लागत नाहीं. १५१० सालीं गोमंतकांत आलेली पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजीं संपली. त्या वर्षीं पणजीच्या लिसेवांत, म्हणजे तेथील सरकारी माध्यमिक शाळेंत, पंधरा वर्षांचा असलेला विद्यार्थी आज ऐंशीच्या घरांत आहे. ज्यांनीं ही भाषा पाटीवर गिरवली तीं माणसें दरवर्षीं थोडीं थोडीं कमी होत आहेत. आणि नेमकी आतांच नातवंडांस ती शिकावीशी वाटूं लागली आहे. कोणास पेटींतील कागद वाचावयाचे असतात, कोणास लिस्बनच्या विद्यापीठांत जावयाचें असतें, कोणाचा ब्राझीलशीं व्यापार असतो. आणि कोणास आजी एकटी बसून गुणगुणते त्या गाण्याचा अर्थ तेवढा हवा असतो.

शिकावयाची तर कोठें, हा पहिला प्रश्न. पणजीस सोय आहे. गोवा विद्यापीठांत पोर्तुगीजचें अध्यापन होतें आणि पोर्तुगाल सरकारच्या कामोंइश संस्थेचें भाषाकेंद्रहि त्या शहरांत आहे. परंतु कोल्हापूर किंवा नागपूर येथें राहणाऱ्यास पणजीच्या वर्गाचा काय उपयोग? पूर्वीं अशा माणसास एक तर व्याकरणाचें पुस्तक आणून डोकें खाजवीत बसावें लागे, नाहीं तर १९०१ सालीं लंडनमध्यें निघालेल्या लिंग्वाफोन कंपनीच्या ध्वनिमुद्रिका मिळवून त्या झिजेपर्यंत ऐकाव्या लागत. २००५ सालीं यूट्यूब सुरू झालें आणि पुढें पांच-दहा वर्षांत जगांतील बहुतेक मोठ्या भाषांचे शिक्षक त्या पडद्यावर येऊन बसले. आज मोबाइलवर दोन अक्षरें टाइप करतांच पोर्तुगीज शिकविणाऱ्या वाहिन्यांची रांग उभी राहते. फी नाहीं, हजेरी नाहीं, छडी नाहीं. यापैकीं शेवटच्या दोन गोष्टींचा अभाव हा सर्वस्वीं लाभच आहे असें मात्र समजूं नये.

या शाळेचा खरा मोठा गुण कोणता, तें पोर्तुगीज भाषेचा स्वभाव पाहिल्यावर ध्यानांत येतें. ही भाषा डोळ्यांस एक दिसते व कानांस दुसरी लागते. लॅटिनच्या पोटीं जन्मलेली असल्यामुळें ज्यास थोडें इंग्रजी किंवा फ्रेंच येतें त्यास वर्तमानपत्रांतील मथळ्याचा अर्थ अंदाजानें लागतो. परंतु तोच मथळा लिस्बनच्या माणसानें वाचून दाखविला तर ही कोणती भाषा असा प्रश्न पडावा. कारण पोर्तुगालचा मनुष्य आघात नसलेले स्वर गिळून टाकतो. ‘लहान’ या अर्थाचा शब्द लिहितांना ‘पेकेनो’ असा दिसतो. लिस्बनमध्यें ऐकूं येतो ‘प्केनु’. ‘तेलेफोने’ असें लिहिलेला शब्द बोलतांना ‘त्लफॉन्’ एवढाच उरतो. शब्दाच्या शेवटचा ‘स’ हा ‘श’ होतो, शेवटचा ‘ओ’ हा ‘उ’ होतो. हें सर्व पुस्तकांत सांगितलेलें असतें; नाहीं असें नाहीं. पण गिळलेला स्वर कागदावर दाखवावयाचा कसा? तो ऐकावाच लागतो, आणि एकदां नव्हे तर शंभरदां. पुस्तकावरच विसंबून दोन वर्षें अभ्यास केलेला मनुष्य लिस्बनच्या स्टेशनावर उभा राहून तिकिटाचा भाव विचारूं शकतो, पण मिळालेलें उत्तर त्यास कळत नाहीं. चित्रफितींनीं नेमका हाच दोष दूर केला आहे.

मात्र येथें पहिल्याच पायरीवर एक खड्डा आहे. पोर्तुगीज म्हणून जी भाषा पडद्यावर ऐकूं येते ती दोन प्रकारची आहे. पोर्तुगालची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, तर ब्राझीलची वीस कोटींहून अधिक. साहजिकच शिक्षक, गाणीं, मालिका, गप्पा, सर्वच बाबतींत यूट्यूबवर ब्राझीलची बोली भरपूर व पोर्तुगालची त्या मानानें थोडी. नवशिक्यानें नुसतें ‘पोर्तुगीज’ असें शोधलें तर तो न कळत रिओ किंवा साव पावलूच्या वर्गांत जाऊन बसतो. लेखी भाषा दोहोंची पुष्कळशी एकच आहे, आणि १९९० च्या लेखनविषयक करारानें ती आणखी जवळ आणली. पण उच्चार व रोजच्या वापरांतील शब्द यांत अंतर मोठें. ‘सुप्रभात’ लिस्बनमध्यें ‘बों दिअ’, ब्राझीलच्या बऱ्याच भागांत ‘बों जिअ’. आगगाडीस एकीकडे ‘कोंबॉयु’, दुसरीकडे ‘त्रेंइ’. मराठींतील ‘बादली’ हा शब्द ज्या पोर्तुगीज शब्दावरून आला तो लिस्बनमध्यें ‘बाल्द्’ असा ऐकूं येतो व त्यांतील बादली लगेच ओळखूं येते. रिओमध्यें तोच ‘बाउजी’ होतो आणि ओळख पार पुसून जाते.

दोहोंत चांगलें कोणतें, हा वाद व्यर्थ आहे. ब्राझीलचा उच्चार मोकळा, स्वर भरघोस, त्यामुळें नवशिक्यास सोपा. आणि ज्यास ब्राझीलशींच काम आहे त्यानें दुसरीकडे पाहण्याचें कारण नाहीं. परंतु गोमंतकांतील शाळा, कचेऱ्या व घरें यांत रुजलें तें वळण पोर्तुगालचें. तेव्हां ज्याच्या मनांत ती पेटी आहे, किंवा ज्यास लिस्बन अथवा कोइंब्रा येथें जावयाचें आहे, त्यानें आरंभापासूनच पोर्तुगालच्या वाहिन्या निवडाव्या हें बरें. ‘प्रॅक्टिस पोर्तुगीज’ या वाहिनीचा सर्व रोख पोर्तुगालच्या उच्चारावर आहे. ‘पोर्तुगीज विथ लिओ’ या वाहिनीवरील शिक्षक स्वतः लिस्बनचा. तो अतिशय स्वच्छ व बेताच्या गतीनें बोलतो आणि इंग्रजीचा आधार न घेतां पोर्तुगीजमधूनच विषय मांडतो. ‘ईझी पोर्तुगीज’मध्यें रस्त्यांतून जाणाऱ्या-येणाऱ्यांस थांबवून प्रश्न विचारलेले असतात, व पडद्याखालीं दोन भाषांतील अक्षरें सरकत असतात, तेथें शिक्षकाची नव्हे तर बाजारची भाषा ऐकावयास मिळते. ब्राझीलच्या बाजूस ‘स्पीकिंग ब्राझिलियन’ ही वाहिनी व्यवस्थितपणाबद्दल सांगण्यासारखी आहे. नांवें एवढींच पुरे. वाहिन्या निघतात आणि बंद पडतात.

बोलीची निवड केवळ उच्चारापुरती नसते. माणसास संबोधावें कसें, हाहि त्यांत प्रश्न आहे, व मराठी घरांत तो लहान मानला जात नाहीं. ब्राझीलच्या बऱ्याच भागांत समोरच्यास ‘व्होसे’ म्हणून बोलणें हा सर्वसाधारण रिवाज आहे, आणि तेथील चित्रफितींत पहिल्या धड्यापासून तोच शब्द पाठ होतो. पोर्तुगालांत मात्र जवळच्यास ‘तु’, आणि परक्या किंवा वडील माणसास ‘उ सिञोर’, ‘अ सिञोरा’ असें म्हणून क्रियापद तृतीय पुरुषांत ठेवावें लागतें. नुसता ‘व्होसे’ तेथें कित्येकांस उद्धट वाटतो. घरांतील आजीशीं बोलतांना तर ‘आजीला कॉफी हवी का?’ असें तिच्यासमोरच तिच्याविषयीं तृतीय पुरुषीं विचारलें जातें. मराठी मनुष्यास ही रीत परकी वाटण्याचें कारण नाहीं. इंग्रजीच्या एका ‘यू’वर वाढलेल्या विद्यार्थ्यास जें समजावयास महिना लागतो, तें येथें तू, तुम्ही आणि आपण यांत वावरणारें लहान मूल क्षणांत समजतें.

या ठिकाणीं या वाहिन्यांतील एक उणीव सांगितली पाहिजे. बहुतेकींवरील स्पष्टीकरण इंग्रजींतून असतें, आणि तें इंग्रज किंवा अमेरिकन कान समोर ठेवून रचलेलें असतें. त्यामुळें मराठी विद्यार्थ्यास जें सहज येण्यासारखें आहे तेंच कठीण म्हणून त्याच्यापुढें मांडलें जातें. पोर्तुगीज ‘त’ आणि ‘द’ हे दंत्य आहेत. जीभ दातांस लागते. इंग्रज विद्यार्थ्यास हें समजावण्यांत शिक्षकाची पांच मिनिटें जातात. मराठी माणसाच्या तोंडांत हे वर्ण जन्मापासूनच आहेत. पण गंमत अशी कीं रोमन लिपी दिसली कीं त्याची जीभ इंग्रजी शाळेच्या वळणावर जाते आणि तो ‘तूदु’ या शब्दाचा ‘टूडो’ करतो. श्रोत्यांनीं ‘दात’ आणि ‘डाट’ हे शब्द एकापाठोपाठ उच्चारून पाहावे. दोष कोठें होतो तें लगेच समजेल. यावर उपाय साधा आहे. उच्चार टिपून ठेवावयाचे ते देवनागरींत टिपावे. ‘ञ’ हें अक्षर मराठी मुलें मुळाक्षरांत घोकतात व पुढें आयुष्यांत क्वचितच लिहितात. पोर्तुगीज शिकतांना त्याचें चीज होतें. ‘सिञोर’, ‘वीञु’ हे उच्चार देवनागरींत जितके नेमके उतरतात तितके इंग्रजी खुणांनीं उतरत नाहींत. गिळलेल्या स्वरांस मात्र देवनागरींतहि अक्षर नाहीं. तेथें कानावरच भिस्त.

अनुनासिकाची गोष्टहि अशीच. पोर्तुगीजमध्यें स्वर नाकांतून काढला कीं नाहीं यावर अर्थ अवलंबून असतो. ज्या शब्दावरून मराठीनें ‘पाव’ घेतला तो मूळ भाषेंत नाकांतून, ‘पांउ’ असा कांहींसा उच्चारला जातो. नाकाचा स्पर्श न होतां नुसता ‘पाउ’ म्हटलें तर त्याचा अर्थ लाकूड किंवा काठी असा होतो, आणि पाववाल्याच्या दुकानांत हंशा पिकतो. कोंकणी बोलणाऱ्यास हें अवघड नाहीं. त्याच्या तोंडच्या ‘नांव’ या शब्दांतील नाकांतला स्वर ‘नाहीं’ या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाच्या बराच जवळ जातो. देशावरील मराठी माणसानें मात्र येथें चित्रफीत दहा वेळां मागें नेऊन ऐकावी. जुन्या मराठी लेखनांतील ‘लिलांव’ या शब्दावरचा अनुस्वार हा पोर्तुगीज ‘लेइलांउ’चा नाकांतला स्वरच आहे, पुढें लिहिण्यांतून तो गेला आणि ‘लिलाव’ राहिला.

मराठींत रुळलेल्या पोर्तुगीज शब्दांची यादी सर्वांस परिचित आहे. बटाटा, काजू, अननस, पगार, घमेलें, चावी यांचीं नांवें शाळेंतील मुलेंहि सांगतात. ‘चित्रफीत’ या शब्दांतील ‘फीत’देखील पोर्तुगीजच, हें तितकेंसें कोणी सांगत नाहीं. गोमंतकांतच जन्मलेले विद्वान सेबाश्तियांव रोदोल्फो दालगादो (१८५५-१९२२) यांनीं आशियांतील भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा संग्रह १९१३ सालीं प्रसिद्ध केला, तो या विषयावरील आधारग्रंथ मानला जातो. शिकणाऱ्याच्या दृष्टीनें या शब्दांचा उपयोग वेगळाच आहे. ‘चावी’चा मूळ शब्द आज लिस्बनमध्यें ‘शाव्’ असा उच्चारतात. मग मराठींत ‘च’ आला कोठून? सोळाव्या शतकांत, जेव्हां हा शब्द कोंकणच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हां पोर्तुगीज माणूसहि ‘च’च म्हणत असे, पुढें त्याच्या राजधानींत ‘च’चा ‘श’ झाला, मराठीनें मात्र घेतला तसा जपला. पोर्तुगालच्या उत्तरेकडील कांहीं खेड्यांत तो ‘च’ अजून ऐकूं येतो. असा शब्द चित्रफितींत भेटला म्हणजे विद्यार्थी तो विसरत नाहीं.

पोर्तुगीजचें एक निराळें रूप तर महाराष्ट्रांतच बोललें जातें. रायगड जिल्ह्यांत रेवदंड्याजवळ कोर्लई म्हणून गांव आहे. पोर्तुगीज १७४० सालीं तेथून गेले, परंतु गांवांतील ख्रिस्ती वस्तींत त्यांच्या भाषेपासून झालेली एक बोली अद्याप चालू आहे. तिचे शब्द पोर्तुगीज वळणाचे, पण क्रियापद मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं येतें. यूट्यूबवर शिकलेली पोर्तुगीज घेऊन कोणी तेथें गेला तर त्याची फजिती व्हावयाची. तरीहि जाण्यासारखें ठिकाण आहे. असो.

आतां अभ्यासाची रीत. या शाळेंत नापास होणाऱ्यांचा एक ठराविक मार्ग आहे. पहिल्या दिवशीं एका वाहिनीचा पहिला धडा पाहावयाचा. त्यांत नमस्कार, आभार, नांव काय, इतकें असतें. दुसऱ्या दिवशीं बाजूस सुचविलेल्या दुसऱ्या वाहिनीचा पहिला धडा. त्यांतहि नमस्कार, आभार, नांव काय. महिन्याच्या अखेरीस विद्यार्थी वीस शिक्षकांकडून वीस वेळां ‘ओला’ शिकलेला असतो, आणि एकविसावा शब्द त्यास येत नसतो. शिवाय सुचविणाऱ्या यंत्रास विद्यार्थ्याच्या अभ्यासाची काळजी नसते. तो पडद्यासमोरून उठूं नये एवढीच त्याची इच्छा. लिस्बनच्या धड्यावरून तें रिओच्या गाण्यावर नेतें, तेथून समुद्रकिनाऱ्यावर, आणि तासाभरानें कोठें तरी क्रिकेटच्या सामन्यांत सोडून देतें. म्हणून एक वाहिनी, तिची क्रमवार लावलेली एक धडेमाला, आणि ती संपेपर्यंत दुसरीकडे पाहणें नाहीं, असा निश्चय प्रथम करावा. आठवड्यांतून एकदां तीन तास बसण्यापेक्षां रोज अर्धा तास अधिक फळतो, हें कोणत्याहि भाषेस लागू आहे.

पांच-सात मिनिटांची एक चित्रफीत चार वेळां पाहावी. पहिल्यानें अक्षरें झांकून नुसती ऐकावी. कांहीं कळलें नाहीं तरी घाबरूं नये. दुसऱ्या वेळीं पडद्याखालचीं पोर्तुगीज अक्षरें चालू करावीं, इंग्रजी नव्हेत. इंग्रजी अक्षरें समोर असलीं कीं डोळा तीं वाचतो व कान झोंपी जातो. हीं अक्षरें शिक्षकानें स्वतः लिहिलेलीं आहेत कीं यंत्रानें आपोआप काढलेलीं, तें तेथें नमूद असतें, तें पाहून घ्यावें. लिस्बनच्या माणसानें गिळलेला स्वर यंत्रासहि पुष्कळदां ऐकूं येत नाहीं आणि तें भलताच शब्द लिहून मोकळें होतें. तिसऱ्या वेळीं कोपऱ्यांतील चक्राच्या खुणेवर बोट ठेवून गति पाऊणपट करावी व प्रत्येक वाक्य थांबवून मोठ्यानें म्हणावें. फार मंद गति मात्र ठेवूं नये. त्यांत आवाज ताणला जाऊन उच्चार विकृत होतो. चौथ्या वेळीं मूळ गतीनें, शिक्षकाच्या बरोबरीनें, त्याच्या श्वासावर श्वास ठेवून बोलावें. घरांतील माणसें हंसतील. त्यांस हंसूं द्यावें.

आणि कधींकधीं चित्र बंदच करावें. चित्रांत शिक्षकाचे हातवारे, ओठ, हातांतलें फळ, भिंतीवरील नकाशा, हीं सर्व अर्थ सांगून टाकतात, आणि भाषा कळली असा भ्रम होतो. पोर्तुगालच्या सरकारी नभोवाणीचे कार्यक्रम इंटरनेटवर ऐकतां येतात. त्यांतील पांच मिनिटांच्या बातम्यांपैकीं किती कळलें, यावरून खरें माप समजतें. गाणींहि ऐकावीं, पण माप म्हणून नव्हे. अमालिया रोद्रिगिश (१९२०-१९९९) यांचे फादू, किंवा गोमंतकीय गायिका सोनिया शिरसाट यांनीं गायिलेले फादू ऐकतांना शब्द फार स्वच्छ लागतात. त्याचें कारण गातांना स्वर गिळून चालत नाहीं हें आहे. जे स्वर लिस्बनच्या रस्त्यांत हरवतात ते फादूंत सांपडतात.

हें सर्व होऊनहि एक गोष्ट या शाळेंत होत नाहीं. पडद्यावरील शिक्षक ‘आतां तुम्ही म्हणा’ असें सांगून दोन क्षण थांबतो, आणि विद्यार्थी कांहींहि बरळला तरी ‘छान!’ म्हणून पुढें जातो. चूक दाखविणारें कोणी नसतें. त्यामुळें पहिल्या महिन्यांतील चूक वर्षभरांत हाडांत मुरते. यासाठीं तीन-चार महिन्यांनंतर, वाटेल तें करून, ऐकून दुरुस्ती करणारें माणूस गांठलें पाहिजे. परीक्षेचा धाक हवा असल्यास लिस्बन विद्यापीठाच्या भाषापरीक्षा आहेत. त्यांतील ‘सिप्ल’ नांवाची परीक्षा दैनंदिन संभाषणापुरती भाषा तपासते व तींत तोंडी भागहि असतो. पण गोमंतकीय घरांत परीक्षक कित्येकदां खोलींतच बसलेला असतो. ऐंशी-पंचाऐंशी वर्षांच्या आजीशीं साठ वर्षांत त्या भाषेंत कोणी बोललेलें नसतें. नातवानें दबकत ‘बों दिअ’ म्हणावें, आणि तिनें प्रथम त्याकडे पाहावें, मग ‘दिअ, दीअ नव्हे’ असें म्हणावें, ही दुरुस्ती कोणत्याहि वाहिनीवर मिळणार नाहीं.

पेटींतल्या कागदांविषयीं मात्र भलती आशा धरूं नये. चित्रफिती आजचें बोलणें शिकवितात, आणि कागद जुने असतात. पोर्तुगीज लेखनांत १९११ सालीं मोठी सुधारणा झाली. त्यापूर्वींचे शब्द वेगळ्या वर्णांनीं लिहिलेले असतात. औषधालयास पूर्वीं ‘पी-एच’नें आरंभ करीत, आज ‘एफ’नें करतात. त्यांतच कारकुनी वळणाचें अक्षर, जागोजाग संक्षेप, आणि जमिनीच्या व्यवहारांतील कायद्याचे शब्द. दस्तऐवजाचा कज्जाखटल्यासाठीं अर्थ हवा असेल तर जाणकाराकडेच गेलें पाहिजे. सहा महिन्यांच्या यूट्यूबवर विसंबून शेताची हद्द ठरवूं नये. घरगुती पत्रांची गोष्ट निराळी. तीं सोप्या भाषेंत असतात, आणि तेथें एक सोय होऊं शकते. आजीचे डोळे गेलेले असतात, त्यामुळें पत्र तिच्या हातांत देऊन उपयोग नसतो. पण कान शाबूत असतात. नातवास अर्थ लागत नाहीं, पण वर्षभराच्या अभ्यासानें उच्चार बसलेला असतो. त्यानें पत्र मोठ्यानें वाचावें. शब्द बरोबर उच्चारला गेला कीं तिला तो कळतो, व चुकला तर ती तो पुनः म्हणावयास लावते. एक ओळ झाली कीं ती तिचा अर्थ सांगते, कधीं मराठींत, कधीं कोंकणींत, आणि पत्र लिहिणारा कोण होता, तो आफ्रिकेहून परत कां आला नाहीं, हें पत्रांत नसलेलेंहि सांगते. नातवानें मोबाइल बाजूस चालू ठेवून तें सर्व ध्वनिमुद्रित करून घ्यावें.